पदपथाची पाहणी आणि देखभाल: महापालिकेची यंत्रणा समजून घेऊन दुरुस्ती तडीस कशी न्यावी

आपल्या शहरांत पदपथ बांधला जातो, खोदला जातो आणि काही वर्षांनी उखडून पुन्हा नव्याने बांधला जातो. या दोन बांधकामांच्या मधली देखभाल मात्र अभावानेच दिसते. त्याचे एक कारण अंदाजपत्रकात आहे. नव्या कामाला भांडवली खर्चातून ठळक तरतूद मिळते, तर सुटलेले दहा ब्लॉक पुन्हा बसवण्याचा खर्च प्रभागाच्या किरकोळ दुरुस्तीच्या निधीतून भागवावा लागतो. दुसरे कारण असे की, दोषाची तारीख, जागा आणि माप कागदावर आल्याशिवाय त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणत्याही अभियंत्याला मांडता येत नाही. ही नोंद कशी तयार होते, ती कोणाच्या टेबलावरून कोणाकडे जाते आणि नागरिकाला तिला कोठे हात लावता येतो, हे महाराष्ट्रातील महापालिकांच्या कामकाजाच्या आधारे येथे क्रमाने दिले आहे.

पदपथ कोणाच्या ताब्यात आहे ते आधी ठरवा

मुंबईसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि राज्यातील इतर महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. या दुसऱ्या अधिनियमाच्या कलम ६३ मधील बंधनकारक कर्तव्यांत सार्वजनिक रस्त्यांचे बांधकाम आणि देखभाल येते, तर कलम २०३ नुसार सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित होऊन आयुक्तांच्या नियंत्रणाखाली राहतात. पदपथ हा रस्त्याचाच भाग असल्यामुळे त्याची जबाबदारी निराळी सिद्ध करावी लागत नाही. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

तरीही शहराच्या हद्दीतील प्रत्येक रस्ता महापालिकेचा असतोच असे नाही. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, काही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, औद्योगिक वसाहतीतील काही एमआयडीसीकडे आणि पुण्यासारख्या शहरात काही कटक मंडळाकडे असतात. नव्या वस्त्यांमध्ये तर बिल्डरने आखलेला अंतर्गत रस्ता महापालिकेकडे हस्तांतरितच झालेला नसतो, आणि तेथील तक्रार ‘खासगी रस्ता’ असा शेरा मारून बंद होते. म्हणून पहिला प्रश्न क्षेत्रीय कार्यालयाला, मुंबईत विभाग कार्यालयाला, लेखी विचारावा: हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे?

एवढ्याने भागत नाही, कारण एकाच पदपथावर अनेक खात्यांचा वावर असतो. पृष्ठभाग पथ विभागाचा, ड्रेनेजचे चेंबर मलनिःसारण विभागाचे, व्हॉल्व्हचे चेंबर पाणीपुरवठ्याचे, फीडर पिलर, म्हणजे वीजवाटपाची उभी पेटी, वीज कंपनीचा, झाड उद्यान विभागाचे आणि त्या झाडाखालची टपरी अतिक्रमण विभागाच्या अखत्यारीत. चेंबरच्या झाकणावर बहुधा खात्याची किंवा कंपनीची आद्याक्षरे ओतलेली असतात. ती वाचून तक्रार योग्य खात्याकडे पाठवली, तर ‘आमच्या विभागाशी संबंधित नाही’ या उत्तरासाठी थांबण्यात जाणारे दिवस वाचतात.

महापालिकेची पाहणी प्रत्यक्षात कशी होते

कायद्याने देखभालीचे कर्तव्य दिले आहे, पण अमुक दिवसांनी पदपथ पाहिलाच पाहिजे असे वेळापत्रक दिलेले नाही. त्यामुळे पाहणी तीन निमित्तांनी होते. कनिष्ठ अभियंता किंवा त्याचा मुकादम आपल्या हद्दीत फिरताना जे दिसेल ते टिपतो. पावसाळ्यापूर्वी चेंबर, जाळ्या आणि पाणी साचण्याच्या जागा पाहिल्या जातात. आणि तिसरे, सर्वांत परिणामकारक निमित्त म्हणजे तक्रार. मुंबईत १९१६ हा क्रमांक, पुण्यात ‘पीएमसी केअर’ आणि राज्यभर ‘आपले सरकार’ हे तक्रारीचे परिचित मार्ग आहेत. चौथेही एक निमित्त असायला हवे, ते म्हणजे ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी संपण्यापूर्वीची पाहणी. या काळातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. ही पाहणी निसटली की तोच खर्च करदात्याच्या माथी बसतो, आणि ती निसटतेच.

इंग्लंडमध्ये या बाबतीत वेगळी घडी बसली आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. तेथील १९८० च्या हायवेज अॅक्टचे कलम ४१ रस्त्यांच्या देखभालीचे कर्तव्य लादते, आणि कोणी ठेचकाळून पडल्यावर दावा केला तर कलम ५८ नुसार स्थानिक संस्थेला आपण वाजवी काळजी घेतली होती असे दाखवून बचाव करता येतो. हा बचाव पाहणीच्या नोंदींवरच उभा राहतो. म्हणून तेथील कौन्सिले वर्दळीनुसार रस्त्यांची वर्गवारी करतात, ठरलेल्या अंतराने निरीक्षक पाठवतात, आणि फरशीच्या कडेतील सुमारे २० ते २५ मिलिमीटरचा उंचवटा अनेक ठिकाणी दुरुस्तीयोग्य दोष मानला जातो. नोंद ठेवण्यात संस्थेचा स्वतःचाच फायदा असल्यामुळे नोंदी ठेवल्या जातात.

आपल्याकडेही वारे त्याच दिशेला वळत आहे. चांगले रस्ते मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथावरील हक्क त्याच अनुच्छेदात बसवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. दोषाची आगाऊ लेखी सूचना दिलेली होती की नाही, या प्रश्नाला अशा प्रकरणांत वजन येणार हे उघड आहे.

स्वतः पाहणी करताना काय मोजावे

सोबत मोजपट्टी, पोलादी फूटपट्टी आणि ठिकाण-वेळ उमटवणारा मोबाइल कॅमेरा पुरे. एका वेळी एकाच रस्त्याची एकच बाजू घ्यावी आणि दोन चौकांमधला भाग चालावा. शक्य असल्यास एकदा पाऊस उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत आणि एकदा अंधार पडल्यावर जावे, कारण पाणी कोठे साचते आणि दिव्याचा उजेड कोठे पोहोचत नाही हे दुपारी कळत नाही.

तुलनेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांवरील मार्गदर्शक संहिता, आयआरसी १०३, हाताशी ठेवावी. तिच्यानुसार चालण्यासाठी निर्वेध रुंदी निवासी भागातही किमान १.८ मीटर आणि डोक्यावरची मोकळी उंची २.२ मीटर हवी. रस्त्यालगतच्या किनारी दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. येथे ‘निर्वेध’ या शब्दावर भर द्यावा. पदपथ तीन मीटरचा असला तरी मध्ये फीडर पिलर, त्याच्या शेजारी झाडाचा पार आणि पुढे बसथांब्याचा खांब असेल, तर मोजायची ती या अडथळ्यांमधून उरलेली सर्वांत अरुंद जागा. एकूण रुंदीचा आकडा नकाशावर शोभून दिसतो, पण चाकाच्या खुर्चीला त्याचा उपयोग नाही.

उंचसखलपणा मोजताना फूटपट्टी वर आलेल्या ब्लॉकवर आडवी धरून शेजारच्या ब्लॉकपर्यंतचे उभे अंतर मोजावे आणि पट्टीवरचा आकडा वाचता येईल असे छायाचित्र घ्यावे. ब्लॉकच्या कोपऱ्यावर पाय देऊन तो डुलतो का ते पाहावे. पावसाळ्यात अशा ब्लॉकखालून चिखलाची पिचकारी थेट पायजम्यावर येते, म्हणजे खालची वाळू वाहून जाऊ लागली आहे. उताराच्या तोंडाशी, म्हणजे रॅम्पपाशी, साधे गणित करावे: १:१२ चढ धरला तर १५० मिलिमीटर उंचीसाठी १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. अर्ध्या मीटरात संपणारा सिमेंटचा ढिगारा केवळ दुचाकी वर चढवण्याच्या कामाचा असतो. दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या फरशांपैकी रेघांच्या फरशा चालण्याची दिशा सांगतात आणि ठिपक्यांच्या फरशा थांबण्याचा इशारा देतात. रेघांची पट्टी सरळ एखाद्या खांबावर जाऊन आदळत असेल तर तो सजावटीचा दोष नसून धोका आहे, आणि तसेच लिहावे.

चेंबरची झाकणे निराळी पाहावीत. काँक्रीटच्या तयार झाकणांसाठी भारतीय मानक आयएस १२५९२ आहे आणि त्यात पादचारी भागासाठीच्या हलक्या झाकणापासून जड वाहनांसाठीच्या झाकणापर्यंत प्रती ठरवल्या आहेत. हलक्या प्रतीवर २.५ टनांची खूण असते. जेथे टेम्पो पदपथ ओलांडून दुकानाच्या दारात लागतो, तेथे हलके झाकण टिकणार नाही. झाकणाची कड तुटून सळई उघडी पडली असेल, झाकण फ्रेममध्ये खटखटत असेल किंवा भोवतालच्या फरशीपेक्षा खाली बसले असेल, तर त्याची स्वतंत्र तक्रार करावी. झाकण नसलेल्या चेंबरला ‘दोष’ न म्हणता ‘तातडीचा धोका’ म्हणावे आणि अर्ज करत न बसता फोन करावा. २०१७ च्या ऑगस्टमधील मुसळधार पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले, त्यानंतर मॅनहोलमध्ये जाळ्या बसवण्याचा विषय ऐरणीवर आला. पाण्याखालचे उघडे तोंड कोणालाच दिसत नाही.

दोषाचे कारण ओळखले, तर दुरुस्ती टिकते

ब्लॉक खचला म्हणून तो उचलून खाली घमेलेभर वाळू टाकणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी दुरुस्ती होय. लांबट पट्ट्यासारखा खचलेला भाग असेल तर खाली जुना चर आहे आणि तो भरताना माती थरांत दाबलेली नाही. गोल खळगा आणि शेजारी मातीची ढेप दिसली तर घुशींनी पोखरले आहे. तेथे बिळे भरून बंद केल्याशिवाय ब्लॉक बसवण्यात अर्थ नाही. सतत ओल असेल तर पाण्याची किंवा ड्रेनेजची गळती आहे, आणि पथ विभागाआधी त्या खात्याला बोलवावे लागते. फरशी फुगून वर आली असेल तर झाडाचे मूळ असते किंवा देशावरच्या अनेक शहरांत काळी माती असते, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पुरेशा मुरुमाचा थर न देता केलेला पदपथ दोन पावसाळ्यांत आपली लेव्हल सोडतो.

तक्रारीपासून कार्यादेशापर्यंत

तक्रार नोंदली गेली की कनिष्ठ अभियंता जागेवर जातो, मापे घेतो आणि काम लहान असेल तर वार्षिक देखभालीच्या ठेक्यातून करून घेतो. येथपर्यंत प्रवास छोटा आहे. काम मोठे असेल तर दरसूचीनुसार अंदाजपत्रक तयार होते, उपअभियंता आणि कार्यकारी अभियंता ते तपासतात, तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते आणि कार्यादेश दिला जातो. या साखळीत महिने जातात. त्यामुळे एका अर्जात संपूर्ण रस्त्याचे नूतनीकरण मागण्यापेक्षा धोकादायक जागांची तातडीची दुरुस्ती आणि उरलेल्या भागासाठी पुढील अंदाजपत्रकातील तरतूद अशा दोन वेगळ्या मागण्या करणे शहाणपणाचे ठरते.

पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवते, आणि पदपथाची दुरुस्ती त्यात बसते. नगरसेवक असेल तर प्रभागाच्या निधीतून काम सुचवता येते. मात्र मार्च २०२२ नंतर मुंबई आणि पुण्यासारख्या शहरांत बराच काळ प्रशासकांचा कारभार होता, आणि त्या काळात लेखी तक्रारीचा मार्ग किती उपयोगी आहे हे अनेकांना कळले.

प्राधान्य ठरवताना अभियंत्याच्या डोक्यात वर्दळ असते, म्हणून अर्जात तिचा उल्लेख यावा. शाळा, रुग्णालय, रेल्वे स्थानक, ज्येष्ठ नागरिकांचे विरंगुळा केंद्र किंवा बसथांबा किती अंतरावर आहे, आणि पादचाऱ्यांना येथे वाहतुकीच्या रस्त्यावर उतरावे लागते का, या दोन वाक्यांनी फाइलचे वजन बदलते.

काम चालू असताना काय पाहावे

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण पदपथाचे आयुष्य डोळ्यांआड होणाऱ्या थरांत ठरते. ब्लॉक काढल्यावर खालचा पाया पूर्ण उघडा करावा, मऊ भाग काढून मुरूम किंवा खडीचा थर पाणी मारून दाबावा आणि पायाची पातळी पक्की करावी. त्यावर वाळूचा थर दाबल्यानंतर साधारण २५ ते ४० मिलिमीटरच असावा. पायाचे खड्डे वाळूने भरून वरची लेव्हल जुळवली, तर जेथे वाळू जाड तेथे पदपथ पहिल्याच पावसात बसतो. नदीच्या वाळूच्या टंचाईमुळे हल्ली कृत्रिम वाळू किंवा ग्रिट वापरतात, त्याला हरकत नाही. मात्र त्यात पिठासारखी भुकटी जास्त असेल तर पाणी झिरपत नाही आणि थर चिखल होऊन सांध्यांतून वर येतो. मूठभर माल ओला करून हातावर चोळला की हे कळते.

ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे मानक आहे. केवळ पादचारी असलेल्या जागी एम-३० प्रतीचा किमान ५० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक चालतो, पण हलकी वाहने चढणार असतील तर निदान ६० मिलिमीटर लागतो. सोसायटीच्या फाटकापुढे त्याहून जाड मागावा. ब्लॉकमध्ये २ ते ४ मिलिमीटरचे सांधे ठेवून त्यांत बारीक कोरडी वाळू झाडूने भरायची आणि प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे कंपनाने दाबणारे सपाट तळाचे यंत्र, फिरवायचा असतो. सांध्यांत सिमेंटचे पाणी ओतणे म्हणजे नीटनेटकेपणा असे अनेक मुकादमांना वाटते. त्यामुळे ब्लॉकची लवचीकता जाते आणि पुढच्या दुरुस्तीत एकही ब्लॉक अख्खा निघत नाही. कडेचा किनारी दगड काँक्रीटमध्ये घट्ट बसलेला हवा, नाहीतर ब्लॉक हळूहळू रस्त्याकडे सरकून सांधे उघडतात. पाणी रस्त्याकडे जाईल असा सुमारे दोन टक्के ढाळ हवा, म्हणजे दोन मीटर रुंदीला ४० मिलिमीटर.

ब्लॉक वाईट आणि स्टॅम्प काँक्रीट (ओले असतानाच नक्षीचा ठसा उमटवलेले सलग काँक्रीट) चांगले, असा एक समज मुंबईत पसरला आहे. काँक्रीट डुलत नाही हे खरे, पण त्याखालून केबल टाकायची वेळ आली की ते कापावे लागते आणि ठिगळ कायमचे राहते. ज्या पदपथाखाली सेवावाहिन्या आहेत आणि त्या टाकण्यासाठी डक्ट (वाहिन्यांची तयार नळी) नाही, तेथे नीट बसवलेले ब्लॉकच सोयीचे. ते नीट बसवले जात नाहीत, हा दोष ब्लॉकचा नव्हे.

खोदाई, झाडे आणि फेरीवाले

खोदाईसाठी महापालिका परवानगी देते आणि पूर्ववत करण्याचे शुल्क घेते. परवानगीचा तपशील जागेवर फलकावर असणे अपेक्षित असते. फलक नसेल तर त्याच दिवशी छायाचित्रासह कळवावे, कारण चर बुजल्यावर खोदणारा कोण हे सिद्ध करणे अवघड जाते.

मुळांमुळे फरशी उचलली गेली म्हणून झाडाची मुळे तोडू देऊ नयेत. झाडाभोवती सुमारे एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवून पदपथ तेवढ्यापुरता वळवणे किंवा थोडा उचलणे हा मार्ग आहे. मुळे किंवा फांद्या छाटण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

फेरीवाल्यांची बाब देखभालीहून वेगळी आहे आणि एकाच अर्जात ती घातली की दोन्ही कामे अडतात. पदपथ जाण्या-येण्यासाठी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच म्हटले आहे, आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती यांची चौकट दिली आहे. म्हणून ‘सगळे हटवा’ असे न लिहिता निर्वेध रुंदी किती उरते हे मोजून मांडावे. बरेचदा टपरीपेक्षा दुकानाच्या वाढवलेल्या पायऱ्या आणि उभ्या केलेल्या दुचाकी जास्त जागा खातात, पण त्यांच्याविरुद्ध तक्रार करणे शेजारधर्मामुळे जड जाते.

तक्रार अशी लिहावी

एका तक्रारीत एकच जागा आणि एकाच खात्याचा विषय असावा. जागेची खूण म्हणून दुकानाच्या नावापेक्षा पथदिव्याच्या खांबावरचा क्रमांक द्यावा, दुकाने बदलतात. मजकूर पुढीलप्रमाणे चालेल: ‘अमुक रस्त्याच्या पूर्व बाजूच्या पदपथावर, पथदिवा क्रमांक अमुक आणि अमुक यांच्या दरम्यान, सुमारे ३ मीटर लांबीत पेव्हर ब्लॉक खचले असून दोन ब्लॉकमधील उंचीचा फरक ३५ मिलिमीटर आहे. शेजारी प्राथमिक शाळा आहे. पावसानंतर येथे पाणी साचून उंचवटा दिसत नाही. खाली गळती आहे का हे तपासून पाया दुरुस्त करून ब्लॉक बसवावेत. सदर जागा दोषदायित्व कालावधीत आहे का, ते कळवावे.’ शेवटचे वाक्य आवर्जून घालावे. त्याचे उत्तर होकारार्थी असेल तर निधीची अडचण उरत नाही.

तक्रार काम न होताच ‘निकाली’ काढली गेली तर नवी तक्रार टाकू नये, जुन्या क्रमांकाचा संदर्भ देऊन त्याच जागेचे नव्या तारखेचे छायाचित्र कार्यकारी अभियंत्याकडे पाठवावे. त्यानंतर माहिती अधिकाराचा मार्ग खुला आहे. दहा रुपयांच्या अर्जावर कार्यादेश, मोजमाप पुस्तकातील (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीतील) संबंधित पाने, ब्लॉकचे चाचणी अहवाल आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख मागता येते, आणि उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे तीस दिवसांची आहे. २००५ च्या या कायद्याच्या कलम २ मधील माहिती अधिकाराच्या व्याख्येत कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही येते, ही तरतूद फारच थोडे अर्जदार वापरतात. मोजमाप पुस्तकात १५० मिलिमीटर खडीचा थर लिहिलेला असेल आणि प्रत्यक्ष जागेवर मुरूमच दिसत असेल, तर पुढचे पत्र दक्षता विभागाला जाते.

काम पूर्ण झाल्यावर पहिल्या जोरदार पावसानंतर त्याच खुणांमध्ये पुन्हा चालून त्याच जागी पट्टी लावावी आणि नवे माप जुन्या तक्रारीखाली नोंदवावे. दोषदायित्व कालावधी संपण्याच्या तारखेच्या दोन महिने आधी कनिष्ठ अभियंत्याला संयुक्त पाहणीसाठी पत्र द्यावे. ठेकेदाराची अनामत रक्कम तोवर महापालिकेकडेच असते.